पिकअप विकली तर तिचं नावही जातं का? आमच्या ढवळ्याची गोष्ट

राळेगावकर_२९

नमस्कार मंडळी. आमच्या घरचा ढवळ्या विकायला काढला आहे. ढवळ्या म्हणजे बैल नाही, पांढरी बोलेरो पिकअप, यवतमाळ पासिंग. पोळा झाला की घेणारा न्यायला येणार. नवी पिकअप बुक झाली आहे, ती करड्या रंगाची. घरात आठ दिवसांपासून एकच विषय चालू आहे. नाव जुन्या गाडीसोबत जाऊ द्यायचं, की नवीला लावायचं? तुमच्याकडे काय करतात?

नाव कसं पडलं ते आधी सांगतो, त्याशिवाय हा प्रश्न कळायचा नाही.

आमची जोडी ढवळ्या-पवळ्याची. दोन्ही घरच्याच गाईचे. २०१३ च्या पावसाळ्यात, डवरणीच्या (कोळपणीच्या) दिवसांत, ढवळ्याला धुऱ्यावर, म्हणजे बांधावर, साप चावला. रात्रभर बाबा त्याचं डोकं मांडीवर घेऊन गोठ्यात बसले होते. पहाटे गेला. एका बैलानं डवरा चालत नाही, म्हणून बाबा पवळ्याला जोडीदार पाहायला दोन बाजार फिरले आणि दोन्ही वेळा रिकामेच आले. "त्याच्या खांद्याले खांदा मियत नाही कोनाचा," एवढंच म्हणाले. पुढच्या वर्षी पेरणी भाड्याच्या ट्रॅक्टरनं झाली आणि कापसाच्या पैशातून ही जुनी पिकअप घेतली.

ती पहिल्यांदा घरी आली तेव्हा दिवेलागण झाली होती. अंगणात बंडी उभी, पलीकडे कुटाराचा ढीग. रिकामी जागा एकच होती, ढवळ्या बांधायचो ती. तिथं लावली. पवळ्या बसला होता तो उठून उभा राहिला, दावं ताणून पुढं आला आणि बोनेटला नाक लावून हुंगत राहिला. माय चुलीपासून उठून दारात आली अन् म्हणाली, "पवळ्याले जोडी भेटली." तेव्हापासून तो ढवळ्या. गाव म्हणते पिकअप आली, आमच्या घरी ढवळ्या आला.

दाबून भरला तर १५ क्विंटल कापूस नेतो. वडकीला हायवेवर चढायचं, वर्धा नदीचा पूल, मग वडनेर, मग हिंगणघाटचा बाजार. हंगामात रांग मोठी लागली तर मुक्कामच. मी कॅबिनमध्ये झोपतो, बाबा हौद्यात कापसावर. त्यांना कॅबिनमध्ये झोप येत नाही.

पोळ्याच्या आदल्या दिवशी खांदशेकणी असते. हळद-तूप खांद्याला चोळून बाबा पवळ्याला म्हणत, "आज आवतन घ्या, उद्या जेवाले या." मग तोच हात ढवळ्याच्या बोनेटवर, तेच आवतन. मला आधी वाटायचं, पवळ्याला एकटं वाटू नये म्हणून करतात. २०१९ ला पवळ्या म्हातारा होऊन गेला. त्या वर्षी दावणीला कोणीच नव्हतं, तरी बाबांनी संध्याकाळी वाटीत हळद कालवली आणि सरळ गाडीकडे गेले.

आता बाबा म्हणतात, नाव त्याचं आहे, त्याच्यासंगं जाऊ द्या. माय म्हणते, नाव या घरचं आहे, दावण रिकामी ठेवायची नाही. दोघांचंही पटतं, म्हणून इथं विचारतो.

आंबिया_बहार (वरूड)

भाऊ, वाचून माह्या डोळ्याले पाणी आलं. आमच्या भागात वेगळी रीत आहे. टाटा एस २००५ साली आली अन् लोकांनी तिला छोटा हाथी करून टाकलं, त्यामुळं तिला घरचं नाव कोणी ठेवत नाही. आमच्या घरी मात्र संत्र्याच्या ज्या बहाराचा, म्हणजे हंगामाचा पैसा, त्या बहाराचं नाव. आमचा छोटा हाथी आंबिया बहाराच्या संत्र्यावर घेतला, म्हणून तो आंबिया. भावाचा ट्रॅक्टर मृगाच्या पैशाचा, म्हणून मिरग्या. आंबियाची तोड दिवाळीच्या मागं-पुढं, मृगाची फेब्रुवारी-मार्चात, त्यामुळं कोणती गाडी कोणत्या सालच्या कोणत्या बहाराची, हे आमच्या आजीला तोंडपाठ. कोणत्या साली गळ लागली, कोणत्या साली गारपीट, तेही ती गाड्यांवरूनच सांगते.

दुसरी गाडी कर्जावर घेतली. तिला अजून नाव नाही. शेवटचा हप्ता भरल्याशिवाय बाबा ठेवू देत नाहीत. परक्याच्या लेकराचं बारसं आपण करत नाही, म्हणतात. तुमची नवी जर हप्त्यावर असेल, तर घाई काहून करता? राहू द्या बिननावाची.

धानवाली (भंडारा जिल्हा)

आमच्या गाडीचं नाव सुईण. भासऱ्यांची (मोठ्या दिरांची) पिकअप, धानाचे पोते वाहायची. बारा वर्षांमागं श्रावणात नाल्याला पूर होता, रुग्णवाहिका पलीकडच्या काठावर अडकली. माझ्या धाकट्या जावेला कळा सुरू झाल्या. भासऱ्यांनी हौद्यात तणस पसरलं, वरून ताडपत्री बांधली आणि गाडी दुसऱ्या, लांबच्या रस्त्यानं काढली. मी आणि गावातली एक म्हातारी मागं बसलो होतो. हातात एक टॉर्च, तीही मधूनमधून विझायची. खड्डा आला की भासरे आधीच ओरडून सांगायचे, "धरा!" अर्ध्या वाटेत पोरगा झाला. ताडपत्रीवर पाऊस इतका वाजत होता की त्याचं पहिलं रडणं भासऱ्यांना ऐकूच गेलं नाही. मी कॅबिनची काच ठोकून सांगितलं, तेव्हा त्यांनी गाडी बाजूला घेतली अन् स्टेअरिंगवर डोकं टेकून बसले.

म्हातारीला दुसऱ्या दिवशी लुगडं नेलं तर ती म्हणाली, मी फक्त हात लावला, सुईण तर हे गाडी. मागच्या फाळक्यावर पिवळ्या रंगात तेच नाव लिहून घेतलं. पोरगा चार वर्षांचा झाला तेव्हा तान्ह्या पोळ्याला (पोरांच्या पोळ्याला) सगळ्यांचे लाकडी नंदी, आणि त्यानं सुताराकडून लाकडाची पिकअप करून घेतली होती. तिला बेगड लावून, दोरी बांधून ओढत नेली. बोजाराही, म्हणजे पोळ्याची ओवाळणी, मिळाला त्याला.

गाडी मागच्या वर्षी भंगारात गेली. फाळका तेवढा भासऱ्यांनी काढून घेतला, तो गोठ्याच्या भिंतीला लावला आहे. नवीला सुईण म्हणायचं आमच्यापैकी कोणाच्याही मनात आलं नाही. ते नाव त्या एका रात्रीचं आहे.

अकोटचा_पाटील

माझं मत वेगळं आहे, राग मानू नका. बैलाचं नाव गाडीला देऊच नये. गेलेल्या बैलाचं नाव आमच्या आजोबांनी पुढच्या बैलालाही कधी दिलं नाही. चांद्या गेला, नंतर आलेल्याच्या कपाळावर तसाच चांद होता, तरी त्याला मोऱ्या म्हटलं. त्या जिवानं आपल्यासाठी ओढलं, आता त्याला हाक मारायची नाही, असं म्हणायचे.

पण तुमच्या मायच्या तोंडून जे निघालं ते ठरवून निघालेलं नाही, हेही खरं. तिथं मी बोलू शकत नाही.

गॅरेज_वणी

माझ्या डायरीत गाड्या नंबरनं नाहीत, नावानंच आहेत. चिमणी, वाघ्या, पैलवान. "वाघ्याचा मागचा पाटा तुटला" असा फोन आला की मला गाडी, मालक, मागच्या वेळी काय काम केलं, सगळं आठवतं. नंबर सांगितला तर काहीच आठवत नाही. आणि नाव असलेल्या गाडीचं ऑइल वेळेवर बदललेलं असतं, हे मी रोज बघतो.

नावाचं तुम्ही ठरवा, कागदाचं मी सांगतो. चावी देण्याआधी गाडी दुसऱ्याच्या नावावर करायच्या फॉर्म २९ आणि ३० वर सह्या करून घ्या. गाडी राज्यातल्या राज्यात विकली तरी विकणाऱ्यानं १४ दिवसांच्या आत आरटीओला कळवायचं असतं. आरसीवर तुमच्या बाबांचं नाव राहिलं आणि पुढं कुठं अपघात झाला, तर समन्स तुमच्या दारात येतो. घेणारा ओळखीचा असला तरी हे करा. विम्याचंही नाव बदलून घ्या.

राळेगावकर_२९

सगळ्यांचे आभार. पोळा झाला, म्हणून कळवतो.

खांदशेकणीला बाबांनी नेहमीसारखी हळद कालवली. नवी पिकअप तोवर आली होती, शेजारीच उभी होती. मला वाटलं दोघींना लावतील. फक्त ढवळ्याला लावली. आवतन देताना आवाज लागला नाही त्यांचा, मायनं मागून शब्द पूर्ण केले. पोळा सुटल्यावर बैलं दारोदार फिरली, त्यांच्या मागून मीही ढवळ्याला गावातून एक फेरी मारून आणली. गाडीला बोजारा मागायचा नसतो, तरी तिघांनी दिला. पूजेच्या थाळीत ठेवला आहे.

तिसऱ्या दिवशी घेणारा आला, कळंबकडचा तरुण पोरगा, स्वतःचा भाजीपाला नेण्यासाठी घेतली त्यानं. गॅरेजवाल्या भाऊंनी सांगितलं तसं कागदाचं सगळं करून घेतलं. बाबांनी मग त्याला गाडीभोवती फिरवून एकेक सवय सांगितली, बैल विकताना सांगतात तशी. थंडीत लगेच सेल मारायचा नाही, हीटरचा दिवा विझू द्यायचा. भरलेली असताना चढ दिसला की आधीच गिअर उतरवायचा, अर्ध्यात गेल्यावर नाही. डावीकडचा फाळका जरा उचलून मगच कडी लावायची. पोरगा सगळं ऐकत होता. शेवटी त्यानंच विचारलं, "काका, नाव काय ठेवलं होतं?" बाबांनी सांगितलं.

नवी दावणीच्याच जागेवर लावतो. माय रोज सडा टाकताना तिच्या चाकावर पाणी शिंपडते, पण हाक मारत नाही. हप्ते तीन वर्षांचे आहेत. वरूडच्या भाऊंचं म्हणणं मी घरी वाचून दाखवलं, ते मायला पटलं.

काल संध्याकाळी त्या पोराचा फोन आला. बाबा वावरात होते, मी उचलला. "दादा, ढवळ्या गरम होऊन रायला, काटा वर जाते," म्हणाला. मी धुऱ्यापर्यंत धावत जाऊन बाबांना फोन दिला. त्यांनी आधी कूलंट पाहायला सांगितलं, मग रेडिएटरमध्ये कुटार-बिटार अडकलं का ते. फोन ठेवता ठेवता म्हणाले, "आन् बापा, भरून झाला का त्याले सावलीत उभा करजो."