मदत हवी आहे: लिनक्स टाकण्याआधी हार्डवेअर कसं तपासू?

मंडळी, विंडोज १० चा सपोर्ट ऑक्टोबर २०२५ मध्ये संपला. माझ्या लॅपटॉपचा प्रोसेसर इंटेलच्या सातव्या पिढीचा, विंडोज ११ च्या यादीत बसत नाही. म्हणून लिनक्स मिंटचा (विंडोजऐवजी चालणारी मोफत ऑपरेटिंग सिस्टिम) विचार आहे.

पेनड्राइव्हवरून लाइव्ह मोडमध्ये, म्हणजे डिस्कवर इन्स्टॉल न करता, चालवून पाहिलं. आवाज, टचपॅड, ब्राइटनेस ठीक. वायफाय मात्र दिसतच नाही. त्या वायफाय कार्डाला वेगळा ड्रायव्हर (हार्डवेअर चालवणारं सॉफ्टवेअर) लागतो म्हणे. तो लाइव्ह मोडमध्येच टाकून बघता येईल, की आधी इन्स्टॉल करावंच लागेल? मोबाइल यूएसबीने जोडला की नेट मिळतं, तेवढी सोय आहे.

शिवाय झाकण मिटल्यावर स्लीपमधून लॅपटॉप नीट जागा होतो का, ही चाचणी लाइव्ह मोडमध्ये भरवशाची असते का? डिस्क पुसून झाल्यावर कळायला नको. ‘नवीनच घे’ सोडून कुठलाही सल्ला चालेल.