फायबर गावात आहे पण घरात नाही, आणि बिल मात्र वाढतंय

चोपडेकर: भाऊ लोक, वायरलेसवाल्या नेटचा प्लॅन परत वाढला, संध्याकाळी पोराचा ऑनलाइन क्लास अडकतो, फोन केला की म्हणे टॉवरवर लोड आहे. फायबर ग्रामपंचायतीपर्यंत येऊन पडलंय पण आमच्या गल्लीत कोणी ओढून देत नाही. काय करावं?

केळीवाला_रावेर: भारतनेटचं, म्हणजे गावोगावी नेट न्यायच्या सरकारी योजनेचं, फायबर बहुतेक ठिकाणी पंचायतीपर्यंतच असतं भो, पुढची लाइन लोकल केबलवाला किंवा कंपनी टाकते, आणि त्यांना गल्लीत चार-पाच गिऱ्हाईक दिसल्याशिवाय ते पोलवर चढत नाहीत. शेजाऱ्यांना घेऊन एकत्र अर्ज द्या.

धुळेकर: आणि जाहिरातीतला रेट बघून हुरळून जाऊ नका, ४९९ वर १८ टक्के जीएसटी धरून ५८९ होतात. इन्स्टॉलेशन, राउटरचं डिपॉझिट वेगळं, ते आधीच लेखी घ्या. आमच्याकडे तर लाइट गेली की राउटर बंद, छोटा यूपीएस घ्यावाच लागला.

चोपडेकर: बरं, पण आत्ताच्या कंपनीचं काय? कस्टमर केअरवाले नुसतं गोड बोलतात.

केळीवाला_रावेर: तक्रारीचा डॉकेट नंबर घ्या, नाही सुटली तर त्याच कंपनीच्या अपील अधिकाऱ्याकडे जा. फुकट असतं. वर्षाचं रिचार्ज मात्र करू नका हां, पैसे अडकतात.