आल्प द्युएझ ग्रुप टूर: 34-28 गिअर पुरेल का?

पंचगंगाकाठ
जुलैअखेरीस कोल्हापुरातून आम्ही सहाजण फ्रान्सला ग्रुप टूरवर जातोय. एका दिवशी आल्प द्युएझ हा आल्प्समधला प्रसिद्ध चढ आहे. पायथ्याच्या बूर द्वाझां गावाहून सकाळी सगळ्यांनी एकत्र सुटायचं, मागं एक व्हॅन. माझ्या सायकलला शिमानो 105 आर-7000 गिअर संच, 11 स्पीड. पुढच्या चकत्या 50 आणि 34 दातांच्या, मागच्या 11 ते 28, डिरेलर (चेन हलवणारा भाग) शॉर्ट केज, म्हणजे आखूड. मी, सायकल आणि बाटल्या मिळून 85 किलो. पन्हाळा 34-28 वर बसून चढतो. तिथं हाच गिअर पुरेल का? सायकल न्यावी की भाड्यानं घ्यावी? सरावाला पन्हाळा पुरे की करूळ घाटाला जावं?

चेनलिंक
दादा, 28 पुरणार नाही. पन्हाळा कोल्हापूर शहरापेक्षा साधारण 400 मीटर उंच. पाय भरून यायच्या आत तो संपतो. आल्प द्युएझ 13.8 किलोमीटरांत जवळपास 1,100 मीटर चढतो. सरासरी 8.1 टक्के, पण सुरुवातीचाच टप्पा 10 टक्क्यांच्या आसपास आहे. 85 किलोला 10 टक्के चढावर 34-28 मध्ये 60 कॅडन्स (मिनिटाला पेडलच्या फेऱ्या) ठेवायची तर साधारण 230 वॅट लागतात. 34-34 मध्ये त्याच कॅडन्सला 190 पुरतात. 230 झेपले नाहीत की कॅडन्स 45 वर येते आणि सगळा भार गुडघ्यांवर, कमरेवर जातो.

11-34 कॅसेट (मागच्या चकत्यांचा संच) लावा. पण नुसती कॅसेट बदलून भागत नाही. तुमचा शॉर्ट केज 30 दातांपर्यंतच चालतो; 34 ला लांब केजचा जीएस डिरेलर घ्यावा लागेल. शिमानोची ही 11-34 कॅसेट 11 स्पीड रोड हबवर (चाकाच्या मधल्या भागावर) बसवताना तिच्या मागं 1.85 मिलिमीटरचा स्पेसर लागतोच. तो राहिला तर लॉकरिंग आवळूनही कॅसेट हलते आणि गिअर कधीच नीट बसत नाहीत. मेकॅनिकला हे आधी सांगा.

चेन नवीन. पुढच्या 50 आणि मागच्या 34 वरून, डिरेलरमधून न घालता गुंडाळा; जिथं जुळते त्यापुढं दोन लिंक ठेवा. जुनी आखूड चेन ठेवली आणि चुकून 50-34 पडला तर डिरेलर ओढला जाऊन हँगर (डिरेलर जिथं बसतो तो तुकडा) मोडतो. शेवटी बी-टेन्शन स्क्रू आवळा, म्हणजे वरची पुली 34 ला घासणार नाही. हे सगळं निघायच्या महिनाभर आधी करा. नवी केबल सुरुवातीला सैल पडतेच, दोन-चार पन्हाळा-जोतिबा झाले की पुन्हा सेट करून घ्या.

घाटवाट
गिअरइतकंच महत्त्वाचं म्हणजे एकत्र सुटा, पण एकत्र चढू नका. ग्रुप टूरमध्ये घात होतो तो इथंच. गावातून सपाटीवर सगळे जोरात येतात आणि त्याच वेगात पहिल्या चढाला भिडतात. वळणांचे आकडे उलटे आहेत, खाली 21 आणि वर 1. ला गार्द गावाजवळच्या 16 व्या वळणापर्यंत पूर्ण वाक्य बोलता येईल एवढाच जोर लावा. तिथून चढ थोडा सौम्य होतो, मग वाढवा. हेअरपिन वळणावर रस्ता जवळजवळ सपाट होतो. तिथं वेग वाढवायच्या मोहात पडू नका. पाणी प्या, खांदे सैल सोडा.

वेळेचा अंदाज असा काढा: पन्हाळ्याला ताशी 700 मीटर उंची मिळवत असाल तर तिथं 600 धरा, म्हणजे पावणेदोन-दोन तास. तासाला 60 ग्रॅम कार्ब्स पोटात गेले पाहिजेत. एका केळ्यात साधारण 25 ग्रॅम असतात. आपला गूळ न्या, 20-20 ग्रॅमचे खडे करून. रस्त्यावर सावली कमी आहे, दोन बाटल्या भरून घ्या. व्हॅनला प्रत्येकाच्या मागं फिरवू नका; 16 आणि 7 या वळणांवर थांबायला सांगा.

सरावाला करूळच. वैभववाडीकडून चढा, म्हणजे सलग चढ मिळतो. पन्हाळा तीनदा केला तरी प्रत्येक उतारावर पायांना विश्रांती मिळते. पण करूळ पावसाआधी उरका. नंतर धुकं, शेवाळ, दरडी. जून-जुलैत घरी ट्रेनरवर (सायकल जागेवर चालवायच्या स्टँडवर) 60-65 कॅडन्सनं अर्ध्या-अर्ध्या तासाचे दोन सेट करा.

पंचगंगाकाठ
डिरेलर, कॅसेट, चेन असा सगळाच खर्च दिसतोय. मग भाड्याचीच घेऊ का?

रंकाळाफेरी
एका आठवड्यासाठी असेल तर भाड्याची घ्या. बुकिंग करतानाच 34-34 गिअर आणि तुमच्या फ्रेमचा साइज मेलवर लिहून घ्या; "कॉम्पॅक्ट गिअरिंग" एवढ्या शब्दावर विसंबू नका. स्वतःचे पेडल आणि सॅडल न्या. बॉटम ब्रॅकेटच्या (पेडलचे दांडे जिथं फिरतात त्या भागाच्या) मध्यापासून सॅडलच्या माथ्यापर्यंतचं माप लिहून ठेवा. डावा पेडल उलट्या आट्याचा असतो, हे घाईत विसरलं की आटे जातात.

सगळ्यात धोक्याची गोष्ट ब्रेक. आपल्याकडे उजव्या हाताला पुढचा ब्रेक असतो, फ्रान्समध्ये डाव्या हाताला. उतारावर सवयीनं डावा जोरात दाबला की पुढचं चाक अडकतं. दुकानातच बदलून मागा. हायड्रॉलिक डिस्क असेल तर होसची (ब्रेकच्या तेलाच्या नळ्यांची) अदलाबदल करावी लागते, कधीकधी ब्लीडही (नळीतली हवा काढणं) करावं लागतं. म्हणून आधी कळवा. तिथं वाहतूक उजवीकडून आहे. उतरताना डाव्या वळणावर आपसूक आतल्या बाजूला जायला होतं आणि समोरून गाडी येते.

ग्रुपमधल्या सगळ्यांची विंडचीटर आणि पूर्ण बोटांचे ग्लोव्हज व्हॅनमध्ये वर पोचवा. घामेजलेल्या अंगानं 1,800 मीटरवरून उतरायला लागलं की बोटं गारठतात आणि ब्रेक नीट दाबता येत नाही.