गिटमध्ये कॉन्फ्लिक्ट आला की फोल्डर उडवा? हा सल्ला देणं बंद करा

वाशीवाला
काल एका नवीन मुलाला गिटमध्ये (टीमच्या कोडमधले बदल सांभाळणारं सॉफ्टवेअर) पुल करताना, म्हणजे इतरांचे बदल सर्व्हरवरून ओढून घेताना, अडचण आली, तर 'चहा_कटिंग' यांनी उत्तर दिलं: "डोकं लावत बसू नकोस. फोल्डर उडव, नव्याने क्लोन मार (सर्व्हरवरून सगळ्याची नवी प्रत घे), आपल्या फायली त्यावर कॉपी कर. पाच मिनिटांत मोकळा." त्यावर लाइकचा पाऊस. तिथेच लिहिलं असतं तर भाषा घसरली असती, म्हणून हा वेगळा धागा.

मुळात त्या मुलाला कॉन्फ्लिक्ट, म्हणजे एकाच जागी दोघांचे वेगवेगळे बदल, आलाच नव्हता. त्याने टाकलेला मेसेज निदान वाचायचा होता. तुमचे बदल मर्जमध्ये (दोन्हीकडचे बदल एकत्र करताना) पुसले जातील, आधी कमिट करा (गिटमध्ये नोंदवा) नाहीतर स्टॅश करा (तात्पुरते बाजूला ठेवा), एवढंच गिट सांगत होतं. म्हणजे अजून कशालाही हात लागलेला नाही. कमिट करायचं आणि परत पुल मारायचा. खरा कॉन्फ्लिक्ट त्यानंतर, आला तर.

आणि "फायली त्यावर कॉपी कर" हा तर कहर आहे. त्याच फाइलमध्ये दुसऱ्याने सकाळी केलेली दुरुस्ती तुमच्या जुन्या फाइलखाली गाडली जाते. गिट समजतं, तुम्ही ती मुद्दाम काढलीत. कॉन्फ्लिक्ट दिसतसुद्धा नाही. टेस्टिंगवाले बंद झालेला बग परत उघडतात तेव्हा शोधाशोध सुरू. वर जुन्या फोल्डरबरोबर स्टॅश गेले, पुश न केलेल्या ब्रँच (सर्व्हरवर न पाठवलेल्या कामाच्या फांद्या) गेल्या, हुक (ठरावीक वेळी आपोआप चालणाऱ्या स्क्रिप्ट) गेले. नव्या क्लोनमध्ये यातलं काहीही येत नाही.

चहा_कटिंग
बरंच लागलेलं दिसतंय. साहेब, मुलगा घाबरलेला होता, रात्री रिलीज होतं. त्याला इंडेक्स, हेड असल्या गिटच्या आतल्या गोष्टींवर प्रवचन द्यायचं की त्याचं काम उरकून द्यायचं? जुना फोल्डर नाव बदलून बाजूला ठेवतात, एवढी अक्कल मी गृहीत धरली होती.

वाशीवाला
मग तसं लिहायचं. तीन शब्द जास्त लागले असते.

टर्मिनलबाबा
दोघेही उगाच तापताय. सरळ रीसेट हार्ड मारायचा, फायली शेवटच्या कमिटला परत. काही गेलंच तर रीफ्लॉग (गिटची हालचालींची नोंद) आहे ना, ९० दिवस सगळं मिळतं.

वाशीवाला
बाबा, असल्या अर्धवट माहितीनेच लोकांची संध्याकाळ जाते. रीफ्लॉगमध्ये कमिट केलेलंच मिळतं, आणि जे कमिट ब्रँचवरून सुटलं त्याची मुदत मूळ सेटिंगमध्ये ३० दिवस, ९० नाही. कमिट न केलेले बदल रीसेट हार्डने गेले की गेले. ॲड (पुढच्या कमिटसाठी निवडून ठेवणं) तरी केलं असेल तर एफएससीकेला (गिटची तपासणीची कमांड) लॉस्ट-फाउंड लावून ब्लॉब, म्हणजे फाइलमधला नुसता मजकूर, सापडतात, पण फाइलचं नाव नसलेले. बसा मग एकेक उघडत.

टर्मिनलबाबा
ठीक आहे, सर. वहीत लिहून घेतलं.

जुना_खोड
गंमत वाटते. आम्ही महाप्याला एसव्हीएनवर (गिटच्या आधीचं, त्याच कामाचं सॉफ्टवेअर) आयुष्य काढलं. अपडेट मारलं आणि कॉन्फ्लिक्ट आला की त्या फाइलशेजारी आणखी तीन फायली दिसायच्या: तुमची, जुनी आवृत्ती, नवी आवृत्ती. शेजारी शेजारी ठेवा, मिटवा, रिझॉल्व्ह मारा. तोवर कमिट होऊच द्यायचं नाही. तुमचं गिट कॉन्फ्लिक्ट दाखवायला फाइलमध्येच खुणा घालतं, आणि त्या खुणांसकट फाइल ॲड केली तरी मुकाट्याने गिळतं. २००५ साली लिनस टोरवाल्ड्सने ते लिनक्स कर्नलसाठी (लिनक्सच्या गाभ्यासाठी) लिहिलं, तिथे जगभरातून पॅच (बदलांचे तुकडे) येतात. वागळे इस्टेटमधल्या सहा जणांच्या टीमला हे कोणी गळ्यात बांधलं?

ऐरोली_अबोली
काका, एसव्हीएनमध्येही खुणा तशाच ठेवून रिझॉल्व्ह्ड मारता यायचं. आणि कोणी डिरेक्टरीचं नाव बदललं की ट्री कॉन्फ्लिक्टने (फाइल-फोल्डरच्या जागांवरून होणाऱ्या) काय हाल व्हायचे ते सोयीस्करपणे विसरलात. गिटमध्ये डिफला (फरक दाखवणारी कमांड) चेक लावला तर राहिलेल्या खुणा पकडल्या जातात.

मूळ विषयावर: गिटच्या सेटिंगमध्ये मर्जची कॉन्फ्लिक्ट स्टाइल डिफ-थ्री करा. दोन बाजूंच्या मधोमध बदलाआधीची मूळ ओळही दिसते. ती नसेल तर कोणी काय बदललं हा नुसता अंदाज असतो. तरी कळलं नाही तर मी लॉगमध्ये बघते कोणाचा बदल आहे, आणि त्याच्या टेबलाशी जाते. दोन मिनिटांत मिटतं.

घोडबंदरकर
आलं! "टेबलाशी जाते". म्हणजे फिरून फिरून ऑफिसला या. आमचा मॅनेजरही हेच ऐकवतो. मॅडम, ठाण्याच्या घोडबंदर रोडवरच्या कासारवडवलीहून नवी मुंबईतल्या ऐरोलीला निघून दाखवा एकदा. मेट्रोचं काम, मध्येच वळणारे कंटेनर, मानपाड्याला एक तास, कापूरबावडीला पुढचा. घामाघूम होऊन टेबलाशी पोचलो तर ज्याने ती ओळ बदलली तो बसतो पुण्याच्या ऑफिसात.

ऐरोली_अबोली
मी तुम्हाला ऑफिसला या म्हटलं का? फोन करा की.

कळवा_फास्ट
घोडबंदरवाल्यांचं रोजचंच रडगाणं. ठाण्याहून ट्रान्स-हार्बर लोकल पकडा, ऐरोलीला उतरा, समोर ऑफिस. आता तर मध्ये दिघा गाव स्टेशनही झालंय.

घोडबंदरकर
आणि ठाणे स्टेशनपर्यंत काय उडत जाऊ? तुम्हाला घरातून प्लॅटफॉर्म दिसतो म्हणून सगळं सोपं.

कळवा_फास्ट
प्लॅटफॉर्म दिसतो, पण त्या गर्दीत शिरायला मिळतं का ते विचारा. आणि जुलैत विटाव्याच्या पुलाखाली पाणी भरलं की आमचाही रस्ता बंद. फ्लॅट घेताना ब्रोशरमधला स्विमिंग पूल बघितलात, रस्ता बघायचा होतात.

घोडबंदरकर
माझ्या फ्लॅटवर घसरायचं काम नाही!

जुना_खोड
आमच्या वेळी कंपनीची बस होती.

वाशीवाला
धागा गिटचा आहे. रस्त्यासाठी वेगळा काढा.

घोडबंदरकर
गिटचंच बोलतोय. आमच्याकडे सगळ्यात भयानक कॉन्फ्लिक्ट रोज ऑफिसात खांद्याला खांदा लावून बसणाऱ्या दोघांचे होतात. एकाचा एडिटर सेव्ह करताना अख्खी फाइल फॉरमॅट करतो, दुसऱ्याच्या विंडोजवर प्रत्येक ओळीचा शेवट (तिथली न दिसणारी खूण) बदलतो. बदल दोन ओळींचा, कॉन्फ्लिक्ट आठशे ओळींचा. दोघे जेवायला एकत्र जातात, पण गिट-ॲट्रिब्यूट्सची फाइल टाकून ओळीचा शेवट एकदाचा ठरवावा हे वर्षभरात एकालाही सुचलं नाही. शेवटी ती मी टाकली. घरून.

चहा_कटिंग
हे मात्र शंभर टक्के. असल्या आठशे ओळी बघूनच मी फोल्डर उडवायला शिकलो. वाशीवाले साहेब, त्या आठशे ओळी तुम्ही एकेक वाचता?

वाशीवाला
नाही. मर्ज अॅबॉर्ट (अर्ध्यात रद्द) करतो, ओळीच्या शेवटाचा फरक सोडून द्यायचा पर्याय लावून परत मर्ज करतो. उरतात त्या वाचतो. घाबरलेल्या मुलाला सांगायचं तर हेच सांगा ना: मर्ज अॅबॉर्ट मारलं की पुलच्या आधी होतं तिथे परत. फक्त आधी कमिट केलेलं हवं, नाहीतर अॅबॉर्टही तुमचे सुटे बदल जसेच्या तसे परत देईल याची हमी नाही.

टर्मिनलबाबा
रीबेस (आपले कमिट दुसऱ्या ब्रँचच्या टोकावर नव्याने रचणं) करणाऱ्यांनो, तिथे 'अवर्स' (आपली बाजू) आणि 'देअर्स' (समोरची बाजू) उलटे असतात. अवर्स म्हणजे ज्याच्यावर रीबेस करताय ते, देअर्स म्हणजे तुमचे स्वतःचे कमिट. आमच्या एका सीनियरने "माझंच ठेव" म्हणून सगळीकडे अवर्स मारलं आणि स्वतःचंच काम पुसलं. वर गिटलाच शिव्या. हे तरी बरोबर आहे ना, सर?

वाशीवाला
बरोबर आहे. अधूनमधून असता तुम्ही.

चहा_कटिंग
चला, माझा सल्ला सुधारतो: आधी कमिट, मग पुल, बिनसलं तर अॅबॉर्ट. आणि कमिट कसं करायचं हेच ज्याला कळत नाही त्याने रात्री अकरा वाजता तुम्हाला फोन करायचा. नंबर टाका इथे.

कळवा_फास्ट
घोडबंदरकर, तुमचा मॅनेजर राहतो कुठे?

घोडबंदरकर
ऐरोलीत. ऑफिसमागच्याच सोसायटीत.