जपानी अ‍ॅनिमेशनपट : गोष्ट कळते, पण कला नेमकी कुठे बघायची?

काजवा (प्रश्न)

मियाझाकी, ताकाहाता आणि सातोशी कोन या जपानी दिग्दर्शकांचे मिळून सात-आठ चित्रपट बघून झालेत. गोष्ट समजते, आवडतेही. पण ‘हे मोठ्यांसाठीचं आहे, ही कला आहे’ असं कुणाला सांगताना बोट कशावर ठेवायचं ते कळत नाही. शंका तीन आहेत. काही ठिकाणी पात्रांची हालचाल अडखळत होते, ते पैसे कमी पडले म्हणून का? मध्येच मिनिटभर काहीच घडत नाही, ते का ठेवतात? आणि ‘ग्रेव्ह ऑफ द फायरफ्लाइज’सारखी युद्धाची गोष्ट खऱ्या नटांना घेऊन का केली नाही, चित्रं का काढली?

रेघोट्या

पहिल्या शंकेपासून सुरुवात करतो. पडद्यावर सेकंदाला २४ फ्रेम, म्हणजे स्थिर चौकटी, जातात, पण चित्रं २४ काढावीच लागतात असं नाही. एक चित्र दोन फ्रेम टिकवलं तर सेकंदाला १२ पुरतात, तीन फ्रेम टिकवलं तर ८. जपानात १९६३मध्ये ‘तेत्सुवान अतोमु’ (‘अ‍ॅस्ट्रो बॉय’) ही अ‍ॅनिमेशन मालिका दर आठवड्याला टीव्हीवर येऊ लागली तेव्हा चित्रं वाचवणं ही गरज होती. पण पुढे चांगल्या चित्रकारांनी त्याच गरजेतून स्वतःची लय काढली. एकाच प्रसंगात तलवार उगारताना चित्र तीन-तीन फ्रेम थांबतं आणि घाव घालताना प्रत्येक फ्रेमला नवं चित्र येतं. वार जड वाटतो तो या फरकामुळे.

हे स्वतः मोजता येतं. चित्रपटाची फाइल व्हीएलसी या व्हिडिओ प्लेयरमध्ये लावा, प्रसंगाच्या जरा आधी थांबवा आणि ‘ई’ हे बटण एकेकदा दाबत जा. यूट्यूबवरच्या तुकड्यासाठी व्हिडिओ थांबवून पूर्णविरामाचं बटण दाबा, एक फ्रेम पुढे जाते, स्वल्पविरामाने मागे. किती वेळा दाबल्यावर चित्र बदलतं ते मोजा. लक्ष फक्त पात्रावर ठेवा, कारण पार्श्वभूमी सरकत असेल तर ती प्रत्येक फ्रेमला सरकते आणि मोजणी फसते.

सरावाला ‘द टेल ऑफ द प्रिन्सेस कागुया’ (२०१३) मधला पळण्याचा प्रसंग घ्या. नामकरणाच्या मेजवानीत दारू प्यायलेल्या पुरुषांचं बोलणं नायिका कागुयाच्या कानावर पडतं आणि ती दारं फोडत बाहेर धावते. अंगावरचे वस्त्रांचे थर एकेक करून मागे पडत जातात. फ्रेम-फ्रेमने गेलात की दिसेल, तोवरची नाजूक रेघ जाडजूड, कोळशाने खरडल्यासारखी होते. चेहरा जवळजवळ उरतच नाही, नुसते फटकारे. राग ‘दाखवलेला’ नाही, तो रेघेतच आहे. हा प्रसंग गुळगुळीत असता तर त्यातला जीवच गेला असता.

तिसरी घंटा

वरचं सगळं पटतं, फक्त क्रम उलटा करा. आधी चित्रपट सलग, न थांबवता, आणि फ्रेम मोजणं दुसऱ्या वेळी. पहिल्याच वेळी थांबवत बसलं की दिग्दर्शकाने ठेवलेली शांतता मोडते, आणि तुमची दुसरी शंका त्या शांततेबद्दलच आहे.

जपानीत तिला ‘मा’ म्हणतात, दोन गोष्टींमधली मुद्दाम ठेवलेली जागा. ‘स्पिरिटेड अवे’ (२००१) मधला रेल्वेचा प्रवास बघा. नायिका चिहिरो बाकावर बसलेली, शेजारी काओनाशी हा मुखवट्याचा मुका आत्मा, खाली सगळीकडे पाणी. बाकीचे प्रवासी सावल्यांसारखे, एकेका स्थानकावर उतरून जातात. एका फलाटावर एक लहान मुलगी नुसती उभी आहे, गाडी पुढे जाते. ती कोण, हे चित्रपट सांगत नाही. मग संध्याकाळ होते, काचेबाहेरून दिव्यांच्या पाट्या सरकतात. संवाद जवळपास नाहीतच. त्याआधीचा सगळा चित्रपट गोंगाटाचा आहे. चिहिरो मोठी होते ती या शांत मिनिटांत.

म्हणूनच जपानी आवाजातच बघा. इंग्रजी डबिंग करताना अशा जागा बोलण्याने भरल्या जातात. याच चित्रपटाच्या शेवटी इंग्रजीत ‘हे मला जमेल’ अशा अर्थाचं वाक्य चिहिरोच्या तोंडी घातलं आहे, मुळात ते नाही. उपशीर्षकंही नीट निवडा. जपानी आवाज लावलाय, कुणी बोलत नाहीये आणि तरी खाली वाक्य उमटतंय, तर समजा की तुम्ही डबिंगची उपशीर्षकं लावलीत. यादीत जपानीवरून केलेलं वेगळं भाषांतर असेल तर ते घ्या.

आता ‘ग्रेव्ह ऑफ द फायरफ्लाइज’ (१९८८). अकियुकी नोसाका यांच्या १९६७च्या कथेवर ताकाहाता यांनी तो केला. सुरुवातीलाच सेइता हा मुलगा सांगतो की २१ सप्टेंबर १९४५च्या रात्री मी मेलो. पुढचं सगळं तो आणि त्याची धाकटी बहीण सेत्सुको यांचे आत्मे बघत असतात, आणि ते येतात तेव्हा लाल उजेडात येतात. आसरा देणारी नातेवाईक बाई त्यांच्या आईचे किमोनो तांदळासाठी द्यायला काढते, सेत्सुको आकांत करते, तिथे कोपऱ्यात लाल उजेडातला सेइता कान झाकून घेतो. म्हणजे हे रडणं त्याने आधी ऐकलेलं आहे, आणि पुन्हा ऐकावं लागतंय. दुसऱ्यांदा बघताना फक्त हा लाल रंग कुठे कुठे येतो ते शोधा, चित्रपट वेगळाच दिसेल.

तुमच्या तिसऱ्या शंकेचं माझं उत्तर असं. चार वर्षांच्या मुलीला उपासमारीने खंगताना नटीकडून करून घेता येत नाही. घेतलंच तर आपण त्या मुलीची काळजी करत बसतो. चित्रातली सेत्सुको फक्त सेत्सुको असते. आणि चित्रात काहीही आपोआप येत नाही. भाताचं शीत गालाला चिकटलंय, तर ते कुणीतरी ठरवून काढलंय. इथे पात्रांच्या कडासुद्धा नेहमीच्या काळ्याऐवजी तपकिरी आहेत, त्यामुळे माणसं पार्श्वभूमीवर चिकटवल्यासारखी न वाटता त्या धुरात-मातीत मिसळतात. काळ्या कडांच्या कुठल्याही जुन्या मालिकेशेजारी ठेवून बघा.

काजवा

लॅपटॉपवर मोजून पाहिलं. चित्र कधी २ फ्रेमनी बदलतंय, कधी ३, आलटून-पालटून: २-३-२-३. ही पण लय समजायची का? आणि टीव्हीवर तर सगळंच तेलकट, घसरल्यासारखं दिसतं.

रेघोट्या

नाही, ही फाइलची करामत आहे. ती ३० फ्रेमची केलेली असणार. २४चे ३० करताना दर चार फ्रेममागे एक फ्रेम दोनदा येते, त्यामुळे २-२ची मोजणी २-३ होते. व्हीएलसीच्या ‘टूल्स’मधल्या कोडेकच्या माहितीत फ्रेम रेट बघा. २३.९७६ किंवा २४ असेल तरच मोजणी खरी.

टीव्हीचा दोष वेगळा. तो दोन फ्रेमच्या मध्ये स्वतःच्या मनाने नव्या फ्रेम घालतो. क्रिकेटला चालतं, इथे चित्रकाराने मुद्दाम थांबवलेलं चित्र वितळतं आणि जोरात हलणाऱ्या हाताच्या कडा फाटतात. चित्राच्या सेटिंगमध्ये जाऊन सोनीवर मोशनफ्लो, एलजीवर ट्रूमोशन, सॅमसंगवर ऑटो मोशन प्लस किंवा पिक्चर क्लॅरिटी बंद करा. काही टीव्हींवर हे सेटिंग प्रत्येक एचडीएमआयसाठी वेगळं असतं, तेव्हा चित्रपट चालू असतानाच तपासा.

निळी शाई

एक भर. ‘ओन्ली येस्टरडे’ (१९९१) ची कुणी आठवण काढली नाही. २७ वर्षांची ताएको यामागाताला करडईची फुलं खुडायला जाते, एवढंच कथानक. जपानात सहसा चित्रं आधी होतात आणि आवाज नंतर. इथे मोठ्या ताएकोच्या भागात आवाज आधी घेतला आणि चित्रं नटांच्या चेहऱ्यांवरून काढली. हसताना गालावर पडणाऱ्या रेघा त्यातूनच आल्या. लहानपणीच्या भागात मात्र गाल कोरे, रंग फिके आणि चित्राच्या कडा पांढऱ्यात विरलेल्या. आठवण अशीच असते, मधलं लख्ख आणि कडेचं पुसलेलं. घरात पहिल्यांदा अननस येतो तो प्रसंग तेवढ्यासाठी परत बघा.

कोनबद्दल थोडंच. ‘मिलेनियम अ‍ॅक्ट्रेस’ (२००१, ८७ मिनिटं) मध्ये चियोको ही नटी धावत राहते, कपडे बदलतात, शतक बदलतं, धावण्याची लय तुटत नाही. एक दृश्य संपून दुसरं सुरू होतं त्या प्रत्येक जोडावर थांबून आधीची आणि नंतरची फ्रेम शेजारी शेजारी ठेवा. कोणती हालचाल दोन्हीकडे सारखी ठेवलीय ते सापडेल. ‘परफेक्ट ब्लू’ (१९९७) त्यानंतर घ्या, आणि मुलं झोपल्यावर. त्यात लैंगिक हिंसेचे प्रसंग आहेत, ‘कार्टून’ समजून घरात लावायचा हा चित्रपट नव्हे.

उपशीर्षकं वाचण्यात डोळे अडकत असतील तर युगो साको आणि राम मोहन या दिग्दर्शकांचं ‘रामायण : द लीजंड ऑफ प्रिन्स राम’ हिंदीतून बघा. भारत आणि जपानच्या कलावंतांनी मिळून केलेलं. गोष्ट पाठ असल्याने नजर पूर्णवेळ चित्रावर राहते. फ्रेम मोजायची सवय आधी तिथे करा, मग कागुयाकडे या.