मदत हवी आहे : एका हाताने कीबोर्डवरूनच माउसचा कर्सर चालवायचा आहे, ऑटोहॉटकीत कसं करू?

कोरडवाहू

राम राम मंडळी. लांब लिहून राहिलो, पण पूर्ण वाचा, कारण कोणासाठी करायचं आहे ते समजल्याशिवाय बरोबर उत्तर येणार नाही.

आमचं गाव दारव्हा तालुक्यात, जिल्हा यवतमाळ. मोठा भाऊ गावात ऑनलाइन फॉर्मचं दुकान चालवते. सातबारा, पीक विमा, उत्पन्नाचा दाखला, पोरांच्या स्कॉलरशिपा, सगळं. मागच्या सोयाबीनच्या हंगामात थ्रेशरमध्ये त्याचा उजवा हात सापडला, चार बोटं गेली, अंगठा तेवढा शाबूत आहे. जखम भरली आणि त्याने दुकान पुन्हा उघडलं. डाव्या हाताने टायपिंग असं बसवलं की समोरचा पाहतच राहते. अडते ते माउसपाशी. नाव टाइप करा, मग हात माउसवर न्या, तालुका निवडा, परत कीबोर्डवर या, गट नंबर टाका, पुन्हा माउस, बारकीशी चौकट टिक करा, ओटीपीसाठी पुन्हा कीबोर्ड. एका फॉर्मला हात असा कितीतरी वेळा इकडून तिकडे जाते, त्यात प्रत्येक वेळी बोटं परत जागेवर बसवा लागतात. विम्याची शेवटची तारीख जवळ आली की दुकानासमोर लाइन लागते आणि संध्याकाळी त्याचं डावं मनगट सुजलेलं असते. तोच एक हात उरला आहे त्याच्याजवळ, तो मला जपायचा आहे.

म्हणून डावा हात कीबोर्डवरून उचलायचंच काम पडू नये असं काहीतरी करायचं आहे. लॅपटॉप जुना, विंडोज १०, स्क्रीन १३६६ बाय ७६८, बाजूला नंबरच्या कळा नाहीत. मी पॉलिटेक्निकले आहे, सी आणि थोडं पायथन येते. ऑटोहॉटकी, म्हणजे कळांना आपल्याला पायजे ते काम लावून देणारा प्रोग्राम, त्याचं २.० टाकलं आणि एक स्क्रिप्ट लिहिली. कॅप्स लॉक दाबलं की माउस मोड चालू, परत दाबलं की बंद. मोड चालू असताना डब्ल्यू वर, एस खाली, ए डावीकडे, डी उजवीकडे, एका दाबण्याला १५ पिक्सेल. स्पेस म्हणजे क्लिक, कारण स्पेसवर उजव्या हाताचा अंगठा आरामात येते.

चालते, पण वापरण्यासारखं नाही. कळ दाबून धरली की कर्सर एकदा सरकते, मग जराशीक थांबते, मग नाकतोड्यासारखा उड्या मारत सुटते. १५ पिक्सेलने बारकी चौकट हुकते, ३ पिक्सेल केलं तर स्क्रीनच्या या कोपऱ्यातून त्या कोपऱ्यात जायला चहा पिऊन होते. डब्ल्यू आणि डी सोबत दाबलं तर तिरपं जात नाही, जी कळ शेवटी दाबली तिकडेच जाते. मराठी टायपिंग चालू असलं की कधी कधी कळा कामच करत नाहीत. आणि अंगठ्याच्या मशीनचं सॉफ्टवेअर समोर आलं की कर्सर जागचा हालत नाही, ते बंद केलं की पुन्हा चालू. हे काऊन होऊन राहिलं ते कोणी समजावून सांगा. तयार कोड नाही दिला तरी चालते, डोक्यात बसलं पायजे, म्हणजे पुढे दादाच्या सोयीने बदलता येईल.

संत्राबर्फी

कोरडवाहू भाऊ, दादाले आमच्या वरूडकडून नमस्कार सांगा. हिंमत आहे माणसात.

पहिले एक विचारतो, विंडोजची स्वतःची माउस कीज पाहिली का? डावीकडचं आल्ट, डावीकडचं शिफ्ट आणि नंब लॉक सोबत दाबलं की चालू होते. मग नंबर पॅडवर ८ वर, २ खाली, ४ आणि ६ आडवं, ७, ९, १, ३ तिरपं. ५ म्हणजे क्लिक, अधिकचं चिन्ह डबल क्लिक. शून्य दाबलं की बटन दाबून धरल्यासारखं होते म्हणजे ड्रॅग, आणि टिंब दाबलं की सुटते. राइट क्लिक पायजे असलं तर आधी वजाचं चिन्ह, मग ५. परत साध्या क्लिकवर यायचं असलं की भागाकाराचं चिन्ह. वेग आणि वेग किती लवकर वाढावा ते सेटिंगमध्ये बदलता येते. कोड लिहायची गरजच नाही.

लॅपटॉपले नंबर पॅड नसलं तरी यूएसबीचं सुटं नंबर पॅड भेटते, ते कीबोर्डच्या डाव्या बाजूले ठेवा. करून तर पाहा.

कोरडवाहू

भाऊ, कॉलेजातल्या मोठ्या कीबोर्डवर माउस कीज वापरून पाहिली, चांगली आहे. सुटं पॅड डावीकडे ठेवायचं माझ्या डोक्यात नव्हतं आलं, तालुक्याला गेलो की विचारतो. पण त्यातही हात कीबोर्डवरून पॅडवर आणि पॅडवरून कीबोर्डवर जाईलच ना, माउसपेक्षा जवळ एवढंच. मला बोटं जिथं टायपिंग करतात तिथूनच कर्सर चालवायचा आहे. स्क्रिप्टचं सांगा कोणी.

अर्धविराम

मी पुण्यात असते, कामात रोज याच गोष्टी असतात, म्हणून सविस्तर लिहिते.

तुम्ही 'कळ दाबली की सरकव' असं लिहिलंय. कळ दाबून धरली की विंडोज तीच कळ पुन्हा पुन्हा पाठवत राहतं, पण पहिल्या आणि दुसऱ्याच्या मध्ये मुद्दाम थांबतं. ही थांबायची वेळ सेटिंगनुसार पाव सेकंदापासून एका सेकंदापर्यंत असते, आणि त्यानंतर जास्तीत जास्त सेकंदाला ३० च्या आसपास वेळा कळ येते. टायपिंगसाठी हे योग्यच आहे, नाहीतर 'क' दाबला की 'कककक' उमटेल. तो मधला अडखळा इथून येतो. ३ पिक्सेल गुणिले ३० म्हणजे सेकंदाला ९०, म्हणजे तुमचा स्क्रीन आडवा पार करायला १५ सेकंद. आणि ही पुनरावृत्ती फक्त शेवटी दाबलेल्या कळेचीच होते, त्यामुळे तिरपं जाणं या पद्धतीने होणारच नाही.

म्हणून पुनरावृत्तीवर विसंबूच नका. सेट-टायमर लावून एक फंक्शन दर १० मिलीसेकंदांनी चालवा. विंडोज प्रत्यक्षात बरेचदा १५.६ च्या आसपास देतं, हरकत नाही. त्या फंक्शनमध्ये गेट-की-स्टेटला 'पी' देऊन प्रत्येक कळ आत्ता खरोखर दाबलेली आहे का एवढंच विचारायचं. उजवी असेल तर आडव्यात अधिक एक, डावी असेल तर वजा एक, उभ्यातही तसंच. दोन्हींपैकी एकही शून्य नसेल तर तिरपं आहे, तेव्हा दोन्हींना ०.७ ने गुणा, नाहीतर तिरपं जाताना कर्सर जास्त जोरात पळतो. मग माउस-मूव्ह, शेवटी 'आर' म्हणजे आहे त्या जागेपासून, आणि वेग शून्य, म्हणजे लगेच सरकतो. कळांच्या हॉटकीज, म्हणजे 'ही कळ दाबली की हे कर' अशा ओळी, तशाच राहू द्या, पण त्यांच्या आत काही करू नका. त्यांचं काम एवढंच की मोड चालू असताना अक्षर फॉर्ममध्ये उमटू नये.

आता वेग, आणि खरी मजा इथेच आहे. एकच वेग ठेवलात तर चौकट तरी हुकेल नाहीतर वेळ तरी जाईल. सुरुवात सेकंदाला ६० पिक्सेलने करा, पहिला पाव सेकंद तेवढाच राहू द्या, मग पुढच्या अर्ध्यापाऊण सेकंदात ९०० पर्यंत चढवा, सगळ्या कळा सुटल्या की परत ६०. पण बघा, ६० चा वेग म्हणजे १५.६ मिलीसेकंदांत ०.९४ पिक्सेल. पूर्णांकात छाटलंत तर शून्य येईल आणि कर्सर हलणारच नाही. म्हणून उरलेला अपूर्णांक टाकायचा नाही, एका व्हेरिएबलमध्ये साठवायचा आणि पुढच्या फेरीत मिळवायचा. आणि कळ नुकतीच दाबली असेल तेव्हा लगेच एक पिक्सेल सरकवा, म्हणजे टिचकी मारली की हमखास एक पिक्सेल. बारीक चौकटीवर नेम धरायला याचा फार उपयोग होतो.

मराठीचं म्हणाल तर कळांना अक्षराच्या नावाने ओळखू नका, स्कॅन कोड द्या. तो कळेच्या जागेचा असतो, कीबोर्ड मराठीचा इन्स्क्रिप्ट असो की इंग्रजी, बदलत नाही. डब्ल्यूचा ०११, एचा ०१ई, एसचा ०१एफ, डीचा ०२०, प्रत्येकापुढे 'एससी' लावायचं.

अंगठ्याच्या मशीनचं सॉफ्टवेअर बहुधा ॲडमिनिस्ट्रेटर म्हणून चालत असणार. विस्टापासून विंडोजचा नियमच आहे, साध्या अधिकाराने चालणारा प्रोग्राम वरच्या अधिकाराच्या खिडकीला कळा किंवा क्लिक पाठवू शकत नाही. स्क्रिप्टही ॲडमिनिस्ट्रेटर म्हणून चालवा. रोज विचारत बसू नये म्हणून टास्क शेड्युलरमध्ये लॉगिनच्या वेळेला लावून 'हायेस्ट प्रिव्हिलेजेस'वर टिक करा. स्क्रीन काळवंडून परवानगी मागणारी खिडकी येते ना, तिथे मात्र कुठलीच स्क्रिप्ट चालत नाही, तिथे आल्ट आणि वाय.

आणि नेटवर उदाहरणं शोधताना जपून. २.० डिसेंबर २०२२ ला आलं, त्याआधीचा बहुतेक कोड १.१ चा आहे, तो जसाच्या तसा चिकटवला तर चालणार नाही.

पांदणरस्ता

अर्धविराम ताईंनी सगळं सांगितलंच आहे, मी फक्त कळांबद्दल बोलतो. स्वस्तातल्या कीबोर्डमध्ये तीन कळा सोबत दाबल्या की तिसरी कधी कधी लागतच नाही, आतली तारांची जाळी तशी असते. डब्ल्यू, डी आणि वर स्पेस दाबून तिरपं ड्रॅग करायला जाल तर तिथंच अडकाल, आणि चूक कोडमध्ये शोधत बसाल.

त्यापेक्षा क्यू डब्ल्यू ई, ए एस डी, झेड एक्स सी या नऊ कळा पाहा. नंबर पॅडसारख्याच तीन ओळी आहेत. डब्ल्यू वर, एक्स खाली, ए आणि डी आडवं, चार कोपरे तिरपे, मधला एस क्लिक. तिरप्याला एकच बोट लागते. खालच्या ओळीचे स्कॅन कोड ०२सी, ०२डी, ०२ई.

याच नऊ कळांवर अजून एक करता येते. स्क्रीनचे नऊ भाग कल्पायचे, ई दाबलं की कर्सर उजव्या वरच्या भागाच्या मधोमध, मग त्या भागाचे पुन्हा नऊ. तुमच्या स्क्रीनवर पहिल्या दाबण्यात ४५५ बाय २५६ चा तुकडा उरते, दुसऱ्यात १५२ बाय ८५, तिसऱ्यात ५१ बाय २८. लांबची उडी अशी घ्यायची आणि शेवटचं थोडंसं सरकवून. मनगटाचा विचार केला तर मला हे सरकवण्यापेक्षा चांगलं वाटते, कळ दाबून धरून ठेवायचं कामच नाही.

आणि जिथं कर्सर लागत नाही तिथं वापरूच नका. टॅबने पुढे, शिफ्ट टॅबने मागे, स्पेसने चौकट टिक, आल्ट आणि खालचा बाण दाबला की यादी उघडते, यादीत गावाचं पहिलं अक्षर दाबा. ब्राउझरमध्ये व्हिमियम नावाचं एक्स्टेंशन टाकलं तर एफ दाबल्यावर प्रत्येक लिंकवर अक्षरं येतात, ती दाबली की क्लिक. सरकारी साइटींच्या काही खिडक्यांत टॅब मधेच हरवते, तेवढ्यापुरता माउस मोड.

शिफ्ट पाच वेळा दाबून स्टिकी कीजही चालू करून द्या. कंट्रोल आणि पी एका डाव्या हाताने दाबणं म्हणजे बोटांची ताणाताण, स्टिकीत आधी कंट्रोल दाबून सोडायचं, मग पी.

कोरडवाहू

ताई, भाऊ, काय सांगू. टायमर आणि अपूर्णांक साठवायचं लिहिलं आणि कर्सर लोण्यासारखा चालून राहिला. अंगठ्याच्या मशीनचंही झालं, ॲडमिनिस्ट्रेटरचंच कारण होतं. नऊ कळांचं दादाला फार पटलं. क्लिक त्याने एसवर नाही घेतलं, स्पेसच ठेवा म्हणे, उजव्या अंगठ्याला काम राहू दे. एसवर राइट क्लिक दिलं. नऊ भागांची उडी टॅबच्या कळेवर ठेवली आहे, माउस मोडमध्ये टॅब दाबलं की पुढच्या तीन कळा उडीच्या, मग आपोआप सरकवणं. तिसरी उडी त्याला नको वाटते, दोनच बऱ्या म्हणते, तर दोनच ठेवतो.

आता एकच राहिलं. फोटो आणि सही कापायला ड्रॅग लागते, फोटो केबीत बसवायचा असते ना. व्ही दाबलं की बटन दाबलेलं, परत दाबलं की सुटलेलं, असं केलं. पण मधेच गिऱ्हाईक बोलायला लागलं की बटन दाबलेलं आहे हे दादा विसरते, आणि कॅप्स लॉक दाबून टाइप करायला जाते तर समोरचं सगळं निळं होऊन सिलेक्ट होते.

अर्धविराम

मोड बंद करणाऱ्या फंक्शनमध्ये पहिली ओळ हीच लिहा की बटन दाबलेलं असेल तर सोड. तीच ऑन-एक्झिटमध्येही द्या, म्हणजे स्क्रिप्ट बंद केली तरी बटन अडकून राहणार नाही. एस्केपलाही तेच काम द्या, घाईत हात तिकडेच जातो.

आणि दिसायला हवं. ड्रॅग चालू असेपर्यंत त्याच टायमरमधून टूलटिपने, म्हणजे छोट्या पाटीने, कर्सरशेजारी 'धरलंय' असं दाखवा, सुटलं की रिकामा टूलटिप, म्हणजे तो जातो. फाइल यूटीएफ-८ मध्ये सेव्ह करा, मराठी नीट दिसेल.

दादांच्या मनगटाला पहिल्या आठवड्यात कसं वाटतं ते लिहा इथे. ९०० चा वेग त्यांना जास्त किंवा कमी वाटू शकतो, तो आकडा फाइलमध्ये सगळ्यात वर ठेवा, म्हणजे तुम्ही कॉलेजात असताना त्यांना स्वतःच बदलता येईल.

कोरडवाहू

वर घेतला ताई, सुरुवातीचा वेग, शेवटचा वेग आणि पाव सेकंदाचा आकडा, तिन्ही वर, शेजारी मराठीत काय आहे तेही लिहिलं. पूर्ण फाइल उद्या कॉलेजातून टाकतो, मोबाइलवरून नाही होऊन राहिलं. कोणाच्या ओळखीत असं कोणी असलं तर बिनधास्त द्या, विचारायची गरज नाही.