तान्ह्या मुलीला एकट्याने सांभाळण्याचा धीर कसा यावा?

प्रश्न : आमची मुलगी पाच महिन्यांची आहे. पत्नीची २६ आठवड्यांची प्रसूती रजा संपत आल्याने आठवड्यातील दोन दिवस मुलगी माझ्याकडे असेल. मात्र ती रडू लागली की माझी आई लगेच तिला माझ्याकडून घेते, त्यामुळे तिला शांत करणे मला कधी जमलेच नाही. हा आत्मविश्वास कसा मिळवावा?

उत्तर १ : माझेही असेच होते. मग मी रात्री झोपवण्याचे काम पूर्णपणे स्वतःकडे घेतले आणि आईंना त्या वेळी देवळात जाण्याची विनंती केली. (त्या रुसल्या, पण दोनच दिवस.) पहिला आठवडा कठीण गेला; नंतर भुकेचे रडणे आणि झोपेचे रडणे यांतील फरक मला कळू लागला.

उत्तर २ : मी परिचारिका आहे. बाळाला उघड्या छातीशी धरण्याची कांगारू पद्धत १९७८ मध्ये कोलंबियातील बोगोटा येथे कमी वजनाच्या बाळांसाठी सुरू झाली. ती वडिलांनाही तितकीच जमते. पत्नीने काढून ठेवलेले दूध फ्रिजमध्ये चार दिवस टिकते. ते गॅसवर उकळू नये, वाटी कोमट पाण्यात ठेवावी. पत्नी घरात असतानाच हे सारे स्वतः करून पाहावे.

उत्तर ३ : केंद्र सरकारी कर्मचाऱ्यांना १५ दिवसांची पितृत्व रजा मिळते आणि ती जन्मापासून सहा महिन्यांच्या आत घ्यावी लागते. आपण त्या सेवेत असाल आणि रजा शिल्लक असेल, तर आताच अर्ज करावा.

प्रश्नकर्ता : मी खासगी नोकरीत आहे. झोपवण्याचे काम आजपासून माझे, असे आईला सांगितले आहे.